हरवलेला रुपया कसा शोधायचा? फसव्या हिशेबाची गाठ पायरी पायरीने सोडवताना

तीन मित्र हॉटेलात जेवले. बिल झालं ७५ रुपये. तिघांनी २५-२५ काढून वेटरकडे दिले. ओळखीची मंडळी म्हणून गल्ल्यावरच्या मालकाने ५ रुपये कमी केले आणि ते वेटरच्याच हाती परत पाठवले. वेटरने वाटेत २ रुपये स्वतःच्या खिशात टाकले आणि तिघांना एकेक रुपया परत दिला. म्हणजे प्रत्येकाला जेवण २४ रुपयांना पडलं. चोवीस त्रिक बहात्तर. वेटरकडे २. झाले ७४. मग पंचाहत्तरावा रुपया कुठे गेला?

हे कोडं तुम्हाला कुणी ना कुणी घातलं असेलच. इंग्रजीत ते हॉटेलच्या खोलीच्या ३० डॉलर भाड्याचं म्हणून सांगतात. खरं भाडं २५, परत आले ५, सामान उचलणाऱ्या पोऱ्याने ठेवले २, मग २७ आणि २ मिळून २९. आकडे बदलतात, फसगत तीच.

बऱ्याच जणांना हा वेळ घालवण्याचा खेळ वाटतो. मलाही वाटायचा. पण आमच्या इमारतीतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही तिघींनी अडीचशे-अडीचशे काढले आणि ७५० रुपये देऊन वॉचमनच्या मुलाला फुलं आणायला पाठवलं. मुलगा नववीतला. फुलवाल्याने ५० रुपये कमी घेतले. 'वीस रुपये तुला रिक्षाला ठेव' असं आमच्यातल्याच एकीने त्याला सांगितलं होतं. तेवढे ठेवून त्याने आम्हाला दहा-दहा आणून दिले. संध्याकाळी हिशेब लिहिताना एकीने तोंडी बेरीज केली. दोनशे चाळीस त्रिक सातशे वीस, याचे वीस, सातशे चाळीस. 'दहा रुपये कुठे गेले रे?'

मुलाने काही न बोलता पँटचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एका खिशातून चार घड्या घातलेलं वहीचं पान पडलं, दुसऱ्यातून रबरबँड. मी तिथेच उभी होते. बेरजेत काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण नेमकं काय ते मला त्या क्षणी सांगता आलं नाही. तो दहा रुपयांचा संशय अंगावर घेऊनच खाली गेला. रात्री कागद घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की हे तर तेच तीन मित्रांचं कोडं, फक्त दहापट.

तशी वेळ तुमच्यावर आली तर तिथल्या तिथे बोलता यावं म्हणून ही पद्धत सविस्तर लिहिते आहे. पहिल्यांदा करायला अर्धा तास लागेल. मग सवयीने दोन मिनिटांत होतं.

काय काय लागेल

- ७५ चिंचोके. नसतील तर वाटाणे, बटणं, काहीही चालेल, पण हाताने उचलून ठेवता येईल असंच घ्या.
- तीन वाट्या.
- मधोमध उभी रेघ मारलेला एक कोरा कागद.
- कोड्याचा मजकूर, जसा सांगितला तसा शब्दशः लिहून घेतलेला.

कॅल्क्युलेटर नको. ७२ आणि २ किती, असं विचारलंत तर तो ७४ सांगेल, आणि ते बरोबरच आहे. मुळात ही बेरीज करायची होती का, हे तो सांगणार नाही.

१. गोष्ट जिथे संपते तिथे आडवी रेघ मारा

लिहून घेतलेला मजकूर वाचा आणि पैसा शेवटचा कधी हलला ते शोधा. आपल्या कोड्यात तो 'तिघांना एकेक रुपया परत दिला' इथे शेवटचा हलतो. त्या वाक्याखाली रेघ मारा.

रेघेच्या वर घडलेलं आहे. रेघेच्या खाली सांगणाऱ्याचं बोलणं आहे. 'चोवीस त्रिक बहात्तर, वेटरकडे २, झाले ७४' हे गोष्टीतल्या कुणीच केलेलं नाही. मित्रांनी ही बेरीज केली नाही, मालकाने नाही, वेटरने तर नाहीच. कोडं घालणाऱ्याने ती आपल्या तोंडून वदवून घेतली. हरवलेला रुपया बहुतेक वेळा रेघेच्या खालीच सापडतो, म्हणून रेघेच्या वरच्या माणसांवर लगेच संशय घेऊ नका.

इथे नवखा माणूस हमखास अडकतो. ७४ ला पोचल्यावर तो उरलेला रुपया शोधायला निघतो. मालकाने कमी दिले असतील, वेटरने तीन ठेवले असतील, असे तर्क लढवतो. तसं करू नका. ७५ आकडा आणि ७४ आकडा यांची गाठ कुणी घातली, हे आधी विचारा.

२. वाट्या मांडा आणि चिंचोके हलवा

पहिली वाटी मित्रांची, दुसरी वेटरची, तिसरी मालकाची. पहिल्या वाटीत ७५ चिंचोके मोजून घाला. आता गोष्टीत जसं घडलं तसं एकेक करा.

७५ चिंचोके मालकाच्या वाटीत जातात. मालकाच्या वाटीतून ५ वेटरच्या वाटीत येतात. वेटरच्या वाटीतून ३ मित्रांच्या वाटीत येतात. थांबा आणि मोजा. मित्रांकडे ३, वेटरकडे २, मालकाकडे ७०. एकूण ७५. एकही चिंचोका सतरंजीखाली गेलेला नाही.

मग एक काम करा. ७२ चिंचोके असलेली वाटी शोधा.

ती सापडणार नाही, कारण ती नाहीच. ७२ हा कुठे ठेवलेल्या पैशांचा आकडा नाही. मित्रांच्या हातून किती गेले त्याचा तो आकडा आहे, आणि ते ७२ आता दोन वाट्यांत आहेत. मालकाकडे ७० आणि वेटरकडे २. वेटरचे २ त्या ७२ च्या पोटातच आहेत. ७२ मध्ये २ पुन्हा मिळवले की तेच दोन रुपये दोनदा मोजले जातात, आणि मित्रांच्या हातात परत आलेले ३ रुपये मोजायचेच राहतात. दोन जास्त, तीन कमी. म्हणून फरक एकाचा.

मालकाकडे किती पोचले हे हवं असेल तर ७२ मधून २ वजा करा, ७० येतात. मूळ ७५ हवे असतील तर ७२ मध्ये परत आलेले ३ मिळवा. ७२ आणि २ यांची बेरीज मात्र कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही.

३. आकड्यांच्या शेजारची क्रियापदं तपासा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. चिंचोके प्रत्येक वेळी हाताशी नसतात. शब्द मात्र कायम समोर असतात.

रेघेच्या खालचा मजकूर पुन्हा वाचा. 'प्रत्येकाला २४ रुपयांना पडलं.' 'वेटरकडे २ आहेत.' पहिल्या वाक्यात पैसे गेले आहेत. दुसऱ्या वाक्यात पैसे कुणाजवळ तरी आहेत. एक खर्च सांगतं, दुसरं शिल्लक सांगतं. या दोन वाक्यांच्या मधे 'आणि' बसवलं की वाक्य मराठी म्हणून अगदी सरळ वाटतं. कान अडखळत नाही, म्हणून मनही अडखळत नाही.

मी स्वतःला घालून घेतलेला नियम असा. 'पडले' ची बेरीज 'पडले' शीच करायची, 'आहेत' ची 'आहेत' शीच. करून पाहा.

आहेत: मित्रांकडे ३ आहेत, वेटरकडे २ आहेत, मालकाकडे ७० आहेत. बेरीज ७५. मूळ रक्कम मिळाली.

पडले: पहिल्याला २४ पडले, दुसऱ्याला २४, तिसऱ्याला २४. बेरीज ७२. एकूण खर्च मिळाला. त्यातले ७० जेवणाचे आणि २ वेटरने घेतलेले.

दोन्ही बेरजा आपापल्या जागी पूर्ण आहेत. दोघींची सरमिसळ केली तरच रुपया हरवतो.

विभक्तीकडेही लक्ष असू द्या. 'मित्रांना', 'मित्रांकडे', 'मित्रांचे' ही तीन रूपं पैशाच्या हिशेबात तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. 'मित्रांचे ७२' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवून विचारा, ७२ मित्रांनी दिले की मित्रांकडे आहेत? उत्तर द्यायला लागलं की सांगणारा स्वतःच अडखळतो.

'झाले', 'मिळून', 'म्हणजे' आणि 'मग' हे चार शब्द दिसले की त्यांच्याखाली पेन्सिलने खूण करा. 'झाले ७४' म्हणताना नेमकं काय ७४ झालं, हे सांगणारा कधीच सांगत नाही. '७४ रुपये खर्च झाले' म्हणावं तर ते खोटं आहे. '७४ रुपये शिल्लक आहेत' म्हणावं तर तेही खोटं. नुसतं 'झाले' म्हटलं की खोटं न बोलता निभावतं.

४. रोजमेळ लिहा

ज्यांनी बचत गटाचा किंवा मंडळाचा हिशेब ठेवला आहे त्यांना ही पायरी ओळखीची वाटेल. कागदाच्या डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, आणि अखेरची शिल्लक खर्चाच्या बाजूला लिहून मेळ. एका वाटीचा एक रोजमेळ. तिन्ही वाट्यांचे पैसे एकाच रोजमेळात घालू नका, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मित्र: जमा, घरून आणलेले ७५, परत मिळालेले ३, एकूण ७८. खर्च, वेटरजवळ दिले ७५, शिल्लक ३, एकूण ७८.

वेटर: जमा, मालकाकडून ५. खर्च, मित्रांना दिले ३, शिल्लक २.

मालक: जमा, ७५. खर्च, परत पाठवले ५, शिल्लक ७०.

(बिलाचे पैसे वेटरच्या हातातून गल्ल्यावर गेले, ती ये-जा मी त्याच्या रोजमेळात धरली नाही. धरली तर दोन्ही बाजूंना ७५-७५ वाढतात, शिल्लक बदलत नाही.)

तिन्ही शिल्लका, ३, २ आणि ७०, मिळून ७५. कोड्यातली '७२ + २' ही बेरीज या कागदावर कशी दिसते ते बघा. मित्रांच्या खर्चात (दिलेले ७५ वजा परत आलेले ३, म्हणजे ७२) वेटरची शिल्लक मिळवलेली. हिशेब तपासणाऱ्या कुणाही जाणत्या माणसाला अशी बेरीज दाखवली तर तो विचारेल, हे दोन आकडे एका रांगेत आलेच कसे?

५. आकडे ताणून बघा

समोरचा माणूस हुशार आहे पण हट्टी आहे, चिंचोके मांडायला तयार नाही, अशा वेळी ही पायरी कामाला येते. गोष्ट तीच ठेवा, आकडे मोठे करा.

मालकाने ५ ऐवजी ३० रुपये परत पाठवले. वेटरने ३ ठेवले आणि तिघांना ९-९ दिले. प्रत्येकाला जेवण १६ रुपयांना पडलं. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, वेटरकडे ३, झाले ५१. मग उरलेले २४ रुपये कुठे गेले?

हा प्रश्न ऐकून कुणीही घाबरत नाही. लगेच उत्तर येतं, 'अहो, ५१ चा ७५ शी संबंधच काय? २७ रुपये मित्रांना परत नाही का मिळाले!' अगदी बरोबर. हेच उत्तर मूळ कोड्यालाही लागू आहे. तिथे ७४ हा आकडा ७५ च्या इतका जवळ येतो की आपल्याला दोघांचं नातं असल्यासारखं वाटतं. २४ रुपयांची तफावत दिसली की माणूस पद्धतीवर शंका घेतो. एका रुपयाची दिसली की माणसावर शंका घेतो. कोडं रचणाऱ्याने ५, २ आणि ३ हे आकडे निवडले ते याचसाठी.

तफावत किती येणार हे आधीच सांगता येतं. मित्रांना परत मिळालेली रक्कम वजा वेटरने ठेवलेली रक्कम. मूळ कोड्यात ३ वजा २, म्हणजे १. वरच्या उदाहरणात २७ वजा ३, म्हणजे २४.

६. सावधान: मेळ बसला तरी हिशेब चुकलेला असू शकतो

आता आकडे थोडेसेच बदलू. मालकाने ६ रुपये परत पाठवले, वेटरने ३ ठेवले, तिघांना एकेक दिला. चोवीस त्रिक बहात्तर, वेटरकडे ३, झाले ७५. बरोब्बर!

इथे कुणीच हरकत घेणार नाही. पण पद्धत तितकीच चुकीची आहे. वेटरचे ३ पुन्हा मोजले आणि मित्रांचे ३ मोजलेच नाहीत. दोन चुका सारख्याच आकड्याच्या होत्या म्हणून एकमेकींना झाकून गेल्या.

मला या पायरीची सगळ्यात जास्त काळजी वाटते. तफावत आली तर निदान कुणी विचारतं तरी. मेळ बसला की वही मिटते. आमच्या फुलांच्या हिशेबात त्या मुलाला ३० रुपये रिक्षाला ठेवायला सांगितले असते आणि फुलवाल्याने ६० कमी केले असते, तर तीच चुकीची बेरीज ७५० आली असती आणि आम्ही समाधानाने हळदीकुंकू लावत बसलो असतो. म्हणून नव्याने खजिनदार झालेल्यांना सांगते, बेरीज जुळली की एकदा विचारा, कशाची कशाशी जुळली?

७. दुसरा प्रकार: शिल्लकांची बेरीज

हेही कोडं खूप फिरतं. तुमच्याकडे ५० रुपये आहेत. २० खर्च केले, शिल्लक ३०. १५ खर्च केले, शिल्लक १५. ९ खर्च केले, शिल्लक ६. ६ खर्च केले, शिल्लक ०. खर्चाची बेरीज २० + १५ + ९ + ६ = ५०. शिल्लकांची बेरीज ३० + १५ + ६ + ० = ५१. एक रुपया जास्त कुठून आला?

इथे रुपया हरवत नाही, उगवतो. तिसरी पायरी लावून बघितली तर क्रियापदं सारखीच निघतात, सगळीकडे 'शिल्लक आहे'. त्यामुळे नवख्याला वाटतं की बेरीज चालेल. नाही चालत, कारण 'आहे' च्या जोडीला 'कधी' हाही प्रश्न लागतो. पहिल्या ३० मध्ये पुढचे १५ होतेच, आणि त्या १५ मध्ये पुढचे ६ होते. तेच पैसे पुन्हा पुन्हा मोजले.

ताणून बघा. ५० रुपये एकेक करून ५० वेळा खर्च केले तर शिल्लका ४९, ४८, ४७ अशा शून्यापर्यंत उतरतात आणि त्यांची बेरीज १२२५ येते. सगळे ५० एकदम खर्च केले तर शिल्लकांची बेरीज शून्य. पैसे तेच ५०. बँकेच्या पासबुकात शेवटचा रकाना शिल्लकेचा असतो, त्याची बेरीज कुणी कधी मारत नाही. कोड्यात मात्र तोच रकाना समोर ठेवला की आपण बेरीज मारायला लागतो, फक्त शेजारी खर्चाची बेरीज मारलेली दिसते म्हणून.

८. कधी कधी रुपया खरंच जातो

वरची पद्धत हातात बसली की एक नवी चूक व्हायला लागते. प्रत्येक कोड्यात 'शब्दांचा खेळ आहे, काही हरवलेलं नाही' असं म्हणून माणूस मोकळा होतो. तसं नसतं. हे बघा.

आठवडी बाजारात दोन बायका शेजारी शेजारी लिंबं घेऊन बसल्या. दोघींकडे ३०-३०. एकीचा भाव १० ला ३, तिचे १०० रुपये व्हायचे. दुसरीची लिंबं मोठी, भाव १० ला २, तिचे १५० व्हायचे. एकूण २५०. एकीला घरी जायचं होतं, म्हणून तिने आपली लिंबं दुसरीच्या टोपलीत ओतली. दुसरीने विचार केला, १० ला ३ आणि १० ला २, म्हणजे २० ला ५. सगळी ६० लिंबं त्या भावाने विकली. बारा वेळा २० रुपये, २४०. दहा रुपये कमी!

वाट्या मांडा. या वेळी तफावत रेघेच्या वर सापडते. '२० ला ५' हा भाव तीन लहान आणि दोन मोठी असा जोड लागला तरच खरा. असे दहाच जोड लागतात. त्यात ३० लहान आणि २० मोठी लिंबं संपतात. उरतात १० मोठी. त्यांचे ५० व्हायला हवे होते, पण '२० ला ५' ने ती ४० ला गेली. दहा रुपये गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेले. लहान ३६ आणि मोठी २४ असती तर एक पैसाही इकडचा तिकडे झाला नसता. दोघींचे १२०-१२० आले असते.

फसवा शब्द इथेही आहे. 'म्हणजे २० ला ५' मधला 'म्हणजे'. पण त्याने नुसती बेरीज फसवली नाही, खरा व्यवहार फसवला.

हे कोडं फार जुनं आहे. युरोपातल्या शार्लमेन राजाच्या दरबारातला विद्वान आल्क्विन इ.स. ८०४ मध्ये वारला. त्याच्या नावावर चालत आलेल्या कोड्यांत हेच गणित उलट्या बाजूने येतं. दोन व्यापारी १०० नाण्यांत २ ला ५ या भावाने २५० डुकरं घेतात. १२५-१२५ चे दोन कळप करतात, एक १ ला २ आणि दुसरा १ ला ३ या भावाने विकतात. प्रत्येक कळपातली १२० विकून ६० आणि ४० मिळून १०० नाणी परत येतात, आणि १० डुकरं वर उरतात. घेतलं त्याच भावाने विकलं असं ऐकू येतं, तरी नफा. आपली लिंबंवाली ज्या दहा लिंबांत बुडाली, तेवढ्याच दहा डुकरांत ते तरले.

९. ज्या शब्दाचा अर्थच ठरलेला नाही

काही वाद हिशेबाचे नसतातच. चोराने दुकानाच्या गल्ल्यातून ५०० ची नोट चोरली आणि थोड्या वेळाने तीच नोट देऊन ३०० चा माल घेतला, २०० परत घेतले. दुकानदाराचं नुकसान किती? ७००, ८००, १००० अशी उत्तरं येतात. नोट गल्ल्यात परत आली आहे. गेलं ते २०० रोख आणि ३०० चा माल, म्हणून ५००. पण तो माल दुकानदाराला २४० ला पडला असेल तर त्याच्या पदरचे ४४० गेले. दोन्ही उत्तरं खरी. 'नुकसान' म्हणजे विक्रीच्या किमतीने की खरेदीच्या, हे आधी ठरवून घ्या आणि मगच वाद घाला.

१७ उंटांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बापाने मुलांना सांगितलेली वाटणी अशी: निम्मे थोरल्याला, एकतृतीयांश मधल्याला, एकनवमांश धाकट्याला. एक शहाणा आपला उंट मिळवून १८ करतो, ९, ६ आणि २ वाटतो आणि आपला उंट घेऊन जातो. नवल वाटतं ते 'वाटणी' या शब्दामुळे. वाटणी म्हटलं की सगळं वाटलं गेलं असं आपण धरून चालतो. निम्मा, एकतृतीयांश आणि एकनवमांश मिळून पूर्ण होत नाही, अठरापैकी सतराच भाग होतात. बापाने एक अठरांश भाग कुणालाच दिलेला नव्हता.

दुकानाच्या पाटीवरचं '५० टक्के + २० टक्के सूट' हेही याच घरातलं. १०० चे ५० होतात आणि त्या ५० वर २० टक्के, म्हणजे ४० द्यायचे. एकूण सूट ६० टक्के, ७० नाही. टक्के कशाचे, एवढं विचारलं की झालं.

१०. समोरच्याला समजावताना

आपल्याला कळलं तरी दुसऱ्याला पटवणं वेगळं काम आहे. मी करून पाहिलेलं सांगते.

'तुझी बेरीज चुकली' असं म्हणू नका. ७२ आणि २ चे ७४ च होतात, त्याची बेरीज चुकलेली नसते, आणि तो तेवढ्यावरच अडून बसतो. त्याऐवजी विचारा, 'हे ७२ आत्ता कुठे आहेत?' बोलू नका, वाट बघा. चिंचोके त्याच्याच हातात द्या, तुम्ही हलवू नका. लहान मुलं यात मोठ्यांपेक्षा लवकर पोचतात.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीभर चिंचोके घेऊन खाली गेले, एक चिंचोका म्हणजे दहा रुपये असं ठरवून. त्या मुलाने आईच्या तीन वाट्या आणल्या, फुलवाल्याची, त्याची आणि आमची. चिंचोके हलवले, दोनदा मोजले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, 'काकू, पण सातशे वीसची वाटीच नाहीये.' दुसऱ्या पायरीतला तो प्रश्न त्याचाच आहे, मी तो त्याच्याकडून घेतला. ज्या बाईंनी विचारलं होतं त्यांना मी त्याच तीन वाट्या दाखवल्या. त्या स्वतः खाली जाऊन त्याच्याशी बोलल्या.

सराव

आता हे एक स्वतः करा. आईकडून ५० आणि बाबांकडून ५० उसने घेतले. ९७ चा शर्ट घेतला. ३ उरले. आईला १ परत दिला, बाबांना १ परत दिला, १ स्वतःकडे ठेवला. आता आईचं देणं ४९, बाबांचं देणं ४९, मिळून ९८. माझ्याकडे १. झाले ९९. एक रुपया कुठे गेला?

आधी रेघ मारा, मग वाट्या, मग क्रियापदं. अडलात तरच पुढचं वाचा.

४९ आणि ४९ 'द्यायचे आहेत', तो १ 'जवळ आहे'. देणं आणि जवळ असणं यांची बेरीज करत नाहीत. ९८ चं देणं आहे, त्याच्या बदल्यात ९७ चा शर्ट अंगावर आहे आणि १ रुपया खिशात आहे. दुकानदाराच्या वाटीत ९७, आईच्या वाटीत १, बाबांच्या वाटीत १, तुमच्या वाटीत १. मोजा, शंभर.